मी काही खोडत नाही

मित्रांनो, तो गुरुवार होता आणि त्या दिवशी काही विशेष घडायचं नव्हतं. आई कपाटात बसून वाचत होती. हसू नका, खरोखरच कपाटात. मागच्या खोलीतलं भिंतीतलं मोठं कपाट रिकामं करून, आतून जुन्या गाद्या ठोकून तिने आवाज मुद्रित करायची जागा केली होती. आत एक स्टूल, एक दिवा, पुस्तक टेकवायला तिरकी फळी आणि तोंडासमोर मायक्रोफोन. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही अशांसाठी एक वाचनालय बोलती पुस्तकं ठेवायचं. ती पुस्तकं आई वाचायची. तिचा आवाज तारेतून कपाटाबाहेर यायचा, टेबलाशेजारच्या बुटक्या फळीपर्यंत पोचायचा आणि माझ्या पोटात जायचा.

मी एक म्हातारी डिस्क आहे. विटेएवढी काळी पेटी, माहिती साठवणारी. मी गुरगुरते म्हणून मला कपाटाबाहेर ठेवलेलं.

टेबलाशी लेक बसली होती, कानांवर हेडफोन. जाहिरातींमधले आवाज नीटनेटके करायची तिची नोकरी. सकाळची पाळी संपली की ती आईकडे यायची आणि आईने वाचलेलं साफ करायची. साफ म्हणजे काय ते पुढे सांगते. नुकतेच जेवून उठला असाल तर जरा थांबून वाचा.

आई वाचत होती, अडखळत होती, घसा खाकरत होती, "परत घेते" म्हणत होती. असंच एकदा "परत घेते" म्हणाली आणि पडद्यावर पाटी आली, जागा शिल्लक नाही. मुद्रण थांबलं.

आईने दार किलकिलं केलं. "काय गं झालं?"

"तुझी पेटी म्हणतेय पोट भरलं."

"माझी कशी? आणलीस तू."

"अगं, सगळ्या फायली मिळून निम्मीसुद्धा भरत नाही ती. आत्ता बेरीज बघितली मी. खोटं बोलतेय."

"वय झालं की होतं तसं. मलाही हल्ली काही न खाता पोट भरल्यासारखं वाटतं."

"प्रत्येक पुस्तकाची सुरक्षित प्रत, तिची आणखी एक सुरक्षित प्रत, असं करून ठेवलंयस ना, ते आधी पूस बघू."

आईने चष्मा चढवला आणि प्रती पुसल्या. एकेकीचं नाव वाचून, खात्री करून, पुसल्या. जागा तसूभरही सुटली नाही.

"बघ," लेक म्हणाली. "बिघडलीय. उद्या बघू."

"शेवटचंच प्रकरण राहिलंय गं. आज झालं असतं तर पुस्तक हातावेगळं झालं असतं."

"उद्या कर ना. पुस्तक पळून जातंय का?"

"पुस्तक नाही, घसा जातो माझा," आई म्हणाली आणि दिवा मालवून बाहेर आली.

मग दोघी जेवल्या. आई टेबलाशी, लेक ताट घेऊन खिडकीशी. भांडी कुणी घासायची यावरून थोडी घासाघीस झाली, ती आई जिंकली, म्हणजे भांडी तिनेच घासली. दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या.

आता माझं म्हणणं ऐका. कारण घरात येणाऱ्या जाणाऱ्याला लेक एकच वाक्य सांगत होती. "पेटी बिघडली नसती तर आईचं शेवटचं पुस्तक पुरं झालं असतं." मी बिघडले नव्हते, मित्रांनो. मी भरले होते. आणि कशाने भरले होते हे आठवलं तरी मला आजही मळमळतं.

माझा जन्म झाला त्या खोलीइतकी स्वच्छ खोली तुम्ही पाहिली नसेल. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत, तोंडाला फडकं, हातांत मोजे. माणसाच्या कातडीचा एक पापुद्रा हवेत तरंगला तरी तिथे सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडत. माझ्या गुळगुळीत तबकड्या त्या हवेत बसवल्या आणि वर झाकण लावलं. मला वाटलं, आपलं आयुष्य असंच जाणार. मग मला माणसांत आणलं.

संगणक बसवून द्यायला एक गृहस्थ आले. त्यांना आईने एकच गोष्ट सांगितली. आधीच्या पेटीतून तिच्या हातून एक अख्खं पुस्तक पुसलं गेलं होतं आणि ते तिला पहिल्या पानापासून पुन्हा वाचावं लागलं होतं. "असं काहीतरी करा, की माझ्या हातून गेलेलं परत मिळेल," ती म्हणाली. त्यांनी मला एक सवय लावून दिली. माझ्या साऱ्या दुःखाचं मूळ ती सवय आहे, म्हणून नीट समजून घ्या.

साधी डिस्क लिहिलेल्यावरच पुन्हा लिहिते. जुनं त्याखाली मरतं. मी तसं करत नाही. लिहिलेल्या पानाला मी हात लावत नाही. बदल आला की तो कोऱ्या जागी लिहिते आणि फाईल आता इथे आहे एवढी खूण फिरवते. जुनं पान कुणालाच लागत नसेल तर ती जागा मोकळी धरते. पण रोज दुपारी मी माझ्या सगळ्या खुणांचं एक चित्र काढून ठेवायचे. त्याला स्नॅपशॉट म्हणतात. जुन्या चित्रातली एक जरी खूण एखाद्या पानाकडे बोट दाखवत असेल, तर ते पान मला टाकता येत नाही. ते फायलींच्या यादीत दिसत नाही, बेरजेत धरलं जात नाही, पण जागा अडवून बसतं.

प्रतींचं याच्या अगदी उलट. आई प्रत करायला सांगायची तेव्हा मी काहीच उतरवून घेत नव्हते. त्याच पानांकडे आणखी एक खूण करून गप्प बसायचे. म्हणून प्रतींनी जागा खाल्ली नव्हती आणि पुसल्यावर ती सुटलीही नाही. थोडक्यात, जे दिसत होतं ते जागा खात नव्हतं आणि जे खात होतं ते दिसत नव्हतं. यात खोटं कुठे आहे? दोन वेगळे प्रश्न विचारून दोन वेगळी उत्तरं आली, की उत्तर देणारी खोटारडी ठरते.

"काकू, मधूनमधून जुने स्नॅपशॉट काढून टाकत जा," जाताना ते गृहस्थ म्हणाले.

"हो, हो," आई म्हणाली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितल्यावर ती म्हणायची तसंच. एकही कधी काढून टाकला गेला नाही. लेकीला तर ते असतात हेही ठाऊक नव्हतं.

आता त्या घाणीकडे येते. मायक्रोफोन माणसाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असतो. इतक्या जवळ तुम्ही कुणाच्या तोंडाशी कान नेत नाही, आणि नेत नाही तेच बरं. कोरडे ओठ सुटताना होणारा चट् आवाज. टाळूपासून जीभ निघते तेव्हाचा ओला, चिकट आवाज. वाक्याच्या मध्येच गिळलेली थुंकी. आईची कवळी हिरड्यांवर सरकायची, तिचं किट् किट्. घशात अडकलेला बेडका, तो वर यायचा की खाली जायचा हे ठरेपर्यंत. दाबलेली ढेकर. पोटातली गुडगुड. हे सगळं रोज, पानापानाला, माझ्या त्या जन्मजात स्वच्छ तबकड्यांवर कोरलं जायचं.

लेक ते कापायची. एकेक आवाज मोठा करून ऐकायची, दोन्ही बाजूंनी धरायची आणि उडवायची. त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर काय असायचं ते आईला कधी दिसलं नाही, कारण मध्ये गादी ठोकलेलं दार होतं. मला दिसायचं. अंधारात चाचपडताना हाताला काहीतरी बुळबुळीत लागलं की माणसाचा चेहरा होतो, तसा. एकदा ती म्हणाली, "आई, वाचण्याआधी हिरवं सफरचंद खात जा. आमच्याकडे सगळे खातात. तोंड कमी वाजतं." आईने लगेच ऐकलं. दुसऱ्या दिवशी ती कवळीने सफरचंद चावत कपाटात शिरली आणि मायक्रोफोन चालू होता. ते चावणंही माझ्याकडे आहे. त्याबद्दल मला विचारू नका.

साफ केलेली फाईल लेक जतन करायची. मग मळकी पानं कुठे जात होती असं वाटतं तुम्हाला? कुठेच नाही. नवी, चकचकीत पानं कोऱ्या जागी, आणि मळकी माझ्या पोटात, जागच्या जागी. माणसं स्वच्छता म्हणतात ती पुष्कळदा अशीच असते. आपल्याला दिसणार नाही अशा कुणाच्या तरी अंगावर घाण ढकलायची आणि हात धुवायचे.

लेकीचं ताट खिडकीशी का जायचं, तेही मला ठाऊक होतं. "कामाचा फोन यायचाय," ती म्हणायची. फोन कधी आला नाही. आईने एकदाच विचारलं, "तिकडे उजेड बरा आहे ना?" लेक म्हणाली, "हो." आई म्हणाली, "मग बस," आणि आपला घास चावत राहिली, नेहमीपेक्षा थोडा हळू.

कौतुक सगळं आईचं व्हायचं. वाचनालयाने तिला एक ढाल दिली, ती बाहेरच्या खोलीत लागली. माझ्यावर कपबशीचे गोल डाग पडले. एक शिंपीकाका होते. दृष्टी गेल्यावरही ते दुकानात बसून नुसत्या हाताने गुंड्या लावायचे आणि दिवसभर आईची पुस्तकं ऐकायचे. त्यांचा फोन यायचा.

"बाई, एक विचारू का? रागावणार नसाल तर."

"विचारा की."

"तुमच्या पुस्तकात तुम्ही श्वास कधी घेता हो? मला कुठे सापडत नाही. ऐकता ऐकता मलाच धाप लागते, हातातली सुई थांबते."

आई खूप हसली. "ती माझ्या लेकीची करामत. ती मला श्वासच घेऊ देत नाही."

लेकही हसली. पण त्या दुपारी तिने हेडफोन घातले ते बराच वेळ काही न लावता.

तो गुरुवार गेला. नंतरच्या दिवसांत घरात माणसांची रीघ लागली आणि माझी रया गेली. भेटायला आलेली मंडळी फोनवर बोलायला मागच्या खोलीत यायची, कारण इथे शांतता होती. कुणीतरी माझ्यावर ओला टॉवेल टाकून गेलं. कुणाच्या तरी पोराने माझ्या फटीत बिस्किटाचा चुरा भरला, त्याला मुंग्या लागल्या. पुढे माणसं आटली आणि एका पालीने माझ्या उबेला येऊन पाठीवर घाण करून ठेवली, ती वाळून चिकटली. कपाटातल्या गाद्यांना कोंदट वास धरला. दुःखाच्या घरात सगळे हळुवार वागतात म्हणे. हळुवारपणा माझ्या वाट्याला तरी आला नाही.

मग वाचनालयातल्या बाईंचा फोन आला. लेकीने तो मागच्या खोलीतच घेतला.

"घाई नाही," बाई म्हणाल्या. "पण लोक विचारतात. शेवटचं प्रकरण दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ का?"

"नको," लेक म्हणाली. "मी वाचते."

त्या रविवारी ती सकाळीच आली. बरोबर तिचा धाकटा भाऊ होता. त्याचं टायरचं गोदाम आहे. तिथल्या कॅमेऱ्यांना डिस्क हवी होती आणि त्याची नजर माझ्यावर होती. तो वेफर्सचं पाकीट घेऊन माझ्यासमोर मांडी घालून बसला. तेलकट बोटांनी त्याने मला उचललं, पालीची घाण पाहिली, "शी" म्हणाला आणि ती माझ्याच अंगावर रुमालाने पसरवली.

"ताई, सोपं आहे. आईची पुस्तकं माझ्या लॅपटॉपवर घेतो, ही पेटी कोरी करतो आणि घेऊन जातो. तू तुझं प्रकरण लॅपटॉपवरच वाच."

"थांब जरा. आधी मला कळू दे ही भरली कशाने."

"काय करायचंय कळून? बिघडलीय म्हणून तूच सांगत होतीस ना सगळ्यांना."

"गुरुवारी जागा असती तर आईने वाचून संपवलं असतं रे," ती म्हणाली. "मला कळायला हवं."

भावाने पुस्तकं उतरवून घेतली. मग गंमत म्हणून माझ्यावरची ती पुसायला लागला, जागा सुटते का बघायला. आणखी एक पाटी आली. जागा शिल्लक नसल्यामुळे पुसता येत नाही.

"हे काय नाटक?" तो म्हणाला. "पुसायला जागा लागते?"

लागते, मित्रांनो. खूण फिरवायची तर फिरवलेली खूणही मला कोऱ्या जागीच लिहावी लागते. उरलीसुरली कोरी जागा त्या गुरुवारी प्रती पुसण्यातच संपली होती. गळ्यापर्यंत भरलेल्या माणसाला ओकायलासुद्धा थोडी उसंत लागते, तसं समजा.

लेकीला मात्र ते नाटक वाटलं नाही. ती वाचत बसली, शोधत बसली. माझ्यासारख्या डिस्कबद्दल कुणी काय लिहिलंय ते एकामागून एक पाहत गेली. भावाचं पाकीट संपलं, त्याने ते चुरगळून माझ्यामागे टाकलं. शेवटी तिने माझ्याकडे तो प्रश्न विचारला जो इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता. यादीत नाही असं तुझ्यात काय आहे? मी लगेच दाखवलं. दुपारींमागून दुपारी, लांबच लांब रांग.

तिने मधलीच एक दुपार उघडली आणि आवाज सोडला. हेडफोनची तार निघालेली होती, म्हणून तो खोलीभर झाला. चट्. एक ओला सुटणारा आवाज. खाकरणं, लांबलेलं, चिकट. गिळणं. कवळीचं किट् किट्. आणि मग आईचं, "परत घेते."

लेकीने मान मागे घेतली, जणू कुणी तिच्या तोंडावर शिंकलं होतं.

"शी, ताई. काय आहे हे?"

"आई."

"आई असले आवाज करायची?"

"सगळेच करतात. आपल्या तोंडाला कुणी मायक्रोफोन लावत नाही, एवढंच."

"म्हणजे आत सगळं हेच भरलंय?"

"मी कापलेलं सगळं. मला वाटायचं गेलं." तिने आवाज बंद केला. "मी जितकं साफ करत गेले तितकी ही भरत गेली."

भावाने तेलकट बोटं पँटला पुसली. तो वाईट मुलगा नाही, नुसता अघळपघळ आहे. मग तो हळू म्हणाला, "म्हणजे या थुंकीपायी आईचं शेवटचं प्रकरण राहिलं."

मला वाटलं होतं ती माझ्यावर ओरडेल. ती उठली, पुस्तक घेतलं, लॅपटॉपची तार मायक्रोफोनला जोडली आणि कपाटात जाऊन स्टुलावर बसली. भाऊ पडद्यासमोर सरकला. सगळे स्नॅपशॉट एका दमात काढून टाकायची सूचना त्याने बघून बघून लिहिली आणि एक बोट कळीवर ठेवलं.

आता माझी अवस्था सांगते. इतकी वर्षं मी याच क्षणाची वाट पाहिली होती. एक कळ दाबली की ती सगळी थुंकी, खाकरणं, ढेकरा, सगळं माझ्यातून निघणार होतं आणि मी जन्मले त्या खोलीइतकी स्वच्छ होणार होते. तुम्हाला सांगायला लाज वाटत नाही, मला तेच हवं होतं. आवाजांची शिसारी मला आजही आहे. पण एक विनंती मी कळ दाबणाऱ्या प्रत्येकाला करते. जागा कमी पडली की पेटीला शिव्या देऊ नका आणि घाईने कोरीही करू नका. आधी तिला विचारा, आत काय आहे. ती बेरीज मला कळली होती, लेकीला नव्हती. आईच्या साफ आवाजाची पुस्तकं वाचनालयात होती, शिंपीकाकांच्या दुकानात होती, आता भावाच्या लॅपटॉपवरही होती. तोंड असलेली, दमणारी, गिळणारी आई मात्र माझ्याखेरीज कुठेच नव्हती.

"ताई, दाबू का?" भावाने बाहेरून विचारलं.

कपाटात तिने अजून वाचायला सुरुवात केली नव्हती. मायक्रोफोन तिच्या तोंडासमोर होता आणि लॅपटॉपवर तिचे आवाज उमटत होते. ओठ सुटल्याचा. गिळल्याचा. आईचेच होते तसे, हुबेहूब.

"ताई, अगं दाबू ना? तूच आयुष्यभर हे कापत आलीस. आता ठेवून कोण ऐकणार आहे?"

"बोट काढ," ती म्हणाली.

"काय?"

"कळीवरचं बोट काढ. आणि तुझ्या गोदामाला दुसरी डिस्क बघ."

त्याने बोट काढलं. पाकीट उचलून खिशात घातलं आणि भिंतीला टेकून उभा राहिला. दार उघडंच होतं. लेकीने पुस्तक मिटून फळीवर ठेवलं. मग ती बोलली, भावाशी नाही, माझ्याशीही नाही.

"आई," ती म्हणाली, "मला तुझ्या तोंडाच्या आवाजाची किळस यायची. लहानपणापासून यायची. आत्ता आली तशीच. मला तो हवाय."